घाट उतरणाऱ्या गाडीला कोणते ब्रेक पॅड घालावेत?

प्रश्न : आमची हॅचबॅक गाडी सहा वर्षांची असून तिचे ५२,००० किलोमीटर झाले आहेत. आम्ही वाईला राहतो आणि माझे माहेर महाडजवळ आहे. त्यामुळे महिन्यातून एकदा तरी पसरणी घाट चढून पाचगणी-महाबळेश्वरमार्गे आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरणे होते. गाडीत आम्ही दोघे, दोन मुले आणि सासूबाई असतो. पुढच्या चाकांचे पॅड संपत आल्याचे मेकॅनिकने सांगितले आहे. कंपनीचे पॅड महाग आहेत, दुसऱ्या नावाजलेल्या उत्पादकाचे थोडे स्वस्त आहेत आणि एक ‘मेटॅलिक’ नावाचा प्रकार आहे, जो घाटासाठी घेतलाच पाहिजे असे मेकॅनिकचे म्हणणे आहे. यजमानांचे एक मित्र सिरॅमिक पॅड घ्या असे सांगतात. आम्ही नेमके काय घ्यावे?
— एक वाचक, वाई

उत्तर : आपल्या गाडीला कारखान्यातून ज्या जातीचे पॅड बसवून आले होते, त्याच जातीचे पॅड घ्यावेत. ते वाहन कंपनीच्या खोक्यातले असोत किंवा तेच मोजमाप आणि तीच घर्षणक्षमता देणाऱ्या नावाजलेल्या उत्पादकाचे असोत. केवळ घाटासाठी म्हणून मेटॅलिक पॅड घेण्याची आपल्याला गरज नाही. मात्र घाटाची जी काळजी आपल्या मेकॅनिकला वाटते ती अगदी योग्य आहे. तिचे उत्तर पॅडच्या खोक्यात थोडे आणि इतर तीन-चार ठिकाणी अधिक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ब्रेक लावणे म्हणजे गाडीच्या वेगाचे उष्णतेत रूपांतर करणे. सपाट रस्त्यावर ही उष्णता तुकड्यातुकड्याने तयार होते आणि दोन ब्रेकच्या मधल्या वेळात हवेत निघून जाते. घाटात ती सवड मिळत नाही. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे आणि पोलादपूर जवळपास पायथ्याला आहे. गाडी, पाच माणसे आणि सामान मिळून १,३०० किलो वजन धरले, तर एवढ्या उंचीवरून खाली येताना मोकळी होणारी ऊर्जा साधारण ५० लिटर पाणी उकळी फुटेपर्यंत तापवू शकेल इतकी असते. तिचा काही भाग टायरांच्या आणि हवेच्या विरोधात खर्च होतो. उरलेला भाग इंजिनाने घ्यायचा की ब्रेकने, हे चालकाच्या हातात असते. गाडी न्यूट्रलमध्ये किंवा वरच्या गिअरमध्ये सोडून फक्त पायाने सांभाळत उतरले, तर तो जवळजवळ सगळा चार चाकांच्या ब्रेकवर येतो. त्यातही उतारावर वजन पुढे झुकत असल्यामुळे दोन तृतीयांशाहून अधिक काम पुढच्या दोन डिस्कनाच (चाकाबरोबर फिरणाऱ्या, पॅड ज्यांना दाबून धरतात त्या तबकड्यांनाच) करावे लागते.

या उष्णतेने दोन वेगवेगळे बिघाड होतात आणि त्यांतला फरक प्रत्येक चालकाला माहीत असावा. पहिल्यात पेडल नेहमीसारखे घट्ट लागते, पण गाडी थांबत नाही. पॅडमधले घटक ज्या राळेने एकत्र बांधलेले असतात ती राळ मर्यादेपलीकडे तापली की पॅडची पकड ढिली पडते, आणि त्याच सुमाराला जळका वास येऊ लागतो. दुसऱ्या बिघाडात पेडल मऊ होते आणि दाबले की खाली जात राहते. येथे दोष पॅडचा नसून ब्रेक ऑइलचा असतो, कारण पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये तापून त्याची वाफ झालेली असते. द्रव दाबला जात नाही म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. वाफ मात्र दाबली जाते आणि तो सगळा जोर तिच्यातच जिरतो.

हा दुसरा प्रकार मी स्वतः अनुभवला आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी आईवडिलांना घेऊन कुंभार्ली घाट उतरत असताना, दोन-तीन वळणे आधी व्यवस्थित असलेले पेडल अचानक पायाखाली जाऊ लागले. गिअर खाली घेत आणि पेडल पुन्हापुन्हा दाबत गाडी डोंगराच्या बाजूला लावली व अर्धा तास थांबलो, तेव्हा ब्रेक परत आला. पॅड नवेच होते, महिन्याभरापूर्वीच बदललेले. ब्रेक ऑइल मात्र गाडी घेतल्यापासून कोणी बदललेच नव्हते, आणि पॅड बसवणाऱ्या गॅरेजने त्याविषयी मला विचारलेही नव्हते. मीही विचारले नव्हते. तेव्हापासून पॅडविषयी कोणी विचारले की मी आधी ऑइलविषयी विचारतो.

ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते आणि जितके पाणी त्यात मुरते तितके ते लवकर उकळते. ताजे डॉट ३ ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा मानकाचा नियम आहे, परंतु पाणी मुरल्यानंतरची हीच मर्यादा १४० अंश आहे. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. कोकणात सतत ये-जा असणाऱ्या गाडीचे ऑइल दर दोन वर्षांनी बदलून घ्यावेच. कोणता दर्जा वापरायचा ते ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते. आपल्या गाडीला सहा वर्षे झाली आहेत. या काळात ऑइल एकदाही बदलले नसेल, तर पॅडच्या निवडीपेक्षाही ते काम अधिक महत्त्वाचे आहे, असे मी स्पष्टपणे सांगेन.

आता पॅडच्या जातींकडे येऊ. आपल्याकडील बहुतेक छोट्या गाड्यांना, विशेषतः जपानी धाटणीच्या गाड्यांना, अ‍ॅस्बेस्टॉसविरहित ऑर्गॅनिक पॅड येतात. तंतू, खनिजे, रबर, थोडी धातूची भुकटी आणि राळ यांचे ते मिश्रण असते. ते थंड असतानाही चटकन धरतात, आवाज कमी करतात आणि डिस्क फारशी खात नाहीत. त्यांची उष्णतेची मर्यादा मेटॅलिक पॅडपेक्षा कमी असते हे खरे आहे, पण आपल्या गाडीचे वजन, डिस्कचा आकार आणि मागच्या चाकांच्या ड्रम ब्रेकचे प्रमाण यांचा हिशेब त्या पॅडची पकड गृहीत धरूनच केलेला असतो.

दुकानात ज्याला मेटॅलिक म्हणतात तो बहुधा सेमी-मेटॅलिक असतो. त्यात पोलादाचे तंतू आणि लोखंडाची भुकटी मोठ्या प्रमाणात असते. असे पॅड उष्णता अधिक सहन करतात, म्हणून अवजड वाहनांना आणि सतत वेगात चालणाऱ्या गाड्यांना ते शोभतात. परंतु ते डिस्क लवकर झिजवतात, आवाज अधिक करतात आणि थंड असताना त्यांची पकड थोडी उशिरा येते. आपण सकाळी वाईच्या बाजारातून मुलांना शाळेत सोडायला जाता, तेव्हा ब्रेक थंडच असतो आणि समोर अचानक कोणी आले तर पहिल्याच दाबाला तो लागायला हवा. आणखी एक गोष्ट अशी की धातू उष्णता चांगली वाहून नेतो, त्यामुळे डिस्कची उष्णता अशा पॅडमधून त्याला ढकलणाऱ्या पिस्टनकडे आणि तिथल्या ऑइलकडे अधिक जाते. ऑइल जुने असेल तर ‘घाटासाठी’ म्हणून घेतलेले पॅडच वाफेच्या बिघाडाला हातभार लावू शकतात. ज्या गाड्यांना कारखान्यातूनच धातूयुक्त पॅड येतात, आणि युरोपीय धाटणीच्या अनेक गाड्यांना ते येतात, त्यांनी अर्थातच तेच वापरावेत.

सिरॅमिक पॅड आवाज कमी करतात आणि चाकांवर काळी भुकटी कमी सोडतात. शहरातल्या गाडीसाठी ते चांगले आहेत. पण काही महागड्या स्पोर्ट्स गाड्यांत ज्या सिरॅमिक डिस्क असतात त्यांच्याशी या पॅडचा संबंध नाही. नावातल्या साम्यामुळे अनेकांचा तसा समज होतो. आपल्या गाडीसाठी उत्पादकाने ते शिफारस केलेले असतील तर घ्यायला हरकत नाही. मात्र चाके स्वच्छ राहतात एवढ्यासाठी जास्त पैसे मोजावेत असे मला वाटत नाही.

पॅड हातात घेतल्यावर त्याच्या मागची पोलादी पाटी वाचावी. तिच्यावर उत्पादकाचे नाव, भाग क्रमांक आणि बॅच क्रमांक ठसठशीत असला पाहिजे. अनेक पॅडवर इंग्रजी अक्षरांची एक जोडीही छापलेली असते, उदाहरणार्थ ‘एफएफ’ किंवा ‘जीजी’. पहिले अक्षर साधारण तापमानातली पकड सांगते आणि दुसरे तापल्यानंतरची. ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५ इतका घर्षणांक. घाटात जाणाऱ्याने दुसऱ्या अक्षराकडे नीट पाहावे. ते पहिल्यापेक्षा खालचे असेल, जसे की ‘एफई’, तर तापल्यावर त्या पॅडची पकड उतरते असा त्याचा अर्थ होतो. आपल्या जुन्या पॅडवर ही जोडी असेल तर नव्यावरही तीच असावी. ‘एफएफ’ काढून ‘जीजी’ घालणे म्हणजे सुधारणा असे समजू नये. पुढची पकड मागच्यापेक्षा फार वाढली, तर पावसात ओल्या वळणावर पुढची चाके लवकर अडतात. चाके अडू न देणारी एबीएस यंत्रणा ती सोडवते खरी, पण तिची जुळणीही मूळच्या पॅडवरच केलेली असते. या अक्षरांवरून पॅड किती टिकेल किंवा एकूण कसा आहे हे मात्र कळत नाही, तेव्हा उत्पादकाचे नाव पाहणे चुकत नाही. पाटीवर वर्तुळात ‘ई’ हे अक्षर आणि पुढे ‘९०आर’ने सुरू होणारा क्रमांक असेल, तर तो पॅड बदली पॅडसाठीच्या युरोपीय नियमाप्रमाणे मूळ पॅडशी तुलना करून तपासलेला आहे, असा त्याचा अर्थ होतो.

भारतात वाहन कंपन्यांना पॅड पुरवणारे काही उत्पादक स्वतःच्या नावानेही ते बाजारात विकतात. त्यामुळे दुसरा, थोडा स्वस्त पर्याय पुष्कळदा पहिल्याइतकाच चांगला असतो. फक्त तो अधिकृत विक्रेत्याकडून, पक्के बिल घेऊन घ्यावा. नावाजलेल्या खोक्यात नकली माल भरून विकण्याचे प्रकार सुट्या भागांच्या बाजारात होतात. पाटीवरची पुसट अक्षरे, पॅडच्या कडेला निघालेले टवके आणि कॅलिपरच्या खाचेत न बसणारी पाटी ही त्याची लक्षणे आहेत. पाटी कानसने घासून किंवा हातोडीने ठोकून बसवावी लागत असेल, तर तो पॅड परत करावा.

बसवताना आपण शक्य असल्यास गॅरेजमध्ये थांबावे. पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर तिची किमान जाडी कोरलेली असते. तितकी जाडी उरली नसेल तर डिस्कही बदलावी लागेल. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या बाहेर काढून, पुसून, उष्णता सहन करणारे ग्रीस लावून परत घालाव्यात आणि त्यांचे रबर फाटलेले नाही ना ते पाहावे. हे दहा मिनिटांचे काम घाईत सर्रास वगळले जाते. मागच्या ड्रमचे लायनरही (ड्रमला आतून घासणारे घर्षणाचे पट्टे) याच वेळी उघडून पाहून घ्यावेत. ते पार संपलेले असतील तर पुढच्या नव्या पॅडवर सगळा भार येतो. ब्रेकची भुकटी हवेच्या पाइपने उडवू देऊ नये, ओल्या फडक्याने पुसायला सांगावी. ती आपल्या आणि त्या मेकॅनिकच्या फुप्फुसात जाते, आणि पूर्वीचे पॅड कशाचे होते याची कोणालाच खात्री नसते.

नवे पॅड घातल्या दिवशी घाटात जाऊ नये. पॅड आणि डिस्क यांचे पृष्ठभाग एकमेकांशी जुळायला थोडा प्रवास लागतो. मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरवरून २० पर्यंत, न थांबता, मध्यम दाबाने दहा-बारा वेळा वेग कमी करावा आणि प्रत्येक वेळी मध्ये अर्धा-एक किलोमीटर गाडी चालू ठेवून डिस्क थंड होऊ द्यावी. त्यानंतरचे पहिले दोन-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक मारणे टाळावे. माहेरची फेरी त्यापुढच्या आठवड्यात करावी.

आणि घाट उतरताना, ज्या गिअरमध्ये तो चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावे. आंबेनळीच्या वळणांवर तो बहुधा दुसरा असेल. ब्रेकवर पाय सतत टेकवून ठेवण्यापेक्षा वेग वाढला की एकदा ठामपणे दाबावा, वेग उतरला की पूर्ण सोडावा. सोडलेल्या त्या काही सेकंदांत डिस्कवरून वारा जातो. मागच्या गाड्यांनी भोंगा वाजवला तर जागा पाहून त्यांना पुढे जाऊ द्यावे.

प्रश्न : मी पुण्यात नोकरीसाठी रोज ३० किलोमीटर गाडी चालवतो. दोन महिन्यांपूर्वी पुढचे पॅड बदलले. सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकला खर्र असा आवाज येतो आणि नंतर जातो. मेकॅनिक म्हणतो की पॅड काढून पॉलिश पेपरने घासून देतो. करावे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पहिल्या काही ब्रेकनंतर जाणारा आवाज बहुतेक वेळा डिस्कवर रात्रभरात धरलेल्या गंजाच्या पातळ थराचा असतो. डिस्क बिडाची असते. दव, पाऊस किंवा गाडी धुतल्यानंतरचे पाणी एवढे निमित्त तिला पुरते. तो थर दोन-तीन ब्रेकमध्ये निघून जातो आणि त्यासाठी काहीही करण्याची आवश्यकता नाही.

दिवसभर येणारा बारीक, कर्णकर्कश आवाज वेगळा. पॅडच्या मागची शिम (पातळ पत्र्याची पट्टी) किंवा कॅलिपरमधल्या स्प्रिंगसारख्या पट्ट्या बसवायच्या राहिल्या की तो येतो, आणि पॅड घासल्याने तो आठवडाभर थांबून पुन्हा सुरू होतो. जुन्या पट्ट्या वाकलेल्या असतील तर नव्या घालून घ्याव्यात. पॅड संपत आल्यावर वाजणारी पत्र्याची जीभ हे आवाजाचे तिसरे कारण. घर्षणाचा थर साधारण तीन मिलिमीटरच्या आसपास आला की ती डिस्कला लागून वाजू लागते. आपले पॅड दोन महिन्यांचे असल्याने तो प्रश्न येऊ नये. आला, तर पॅड खरोखर बदलले होते का, हे तपासावे लागेल.

प्रश्न : आमच्या गाडीचे फक्त १८,००० किलोमीटर झाले आहेत, तरीही डाव्या बाजूचा आतला पॅड पत्र्यापर्यंत झिजला आणि बाहेरचा अर्ध्याहून अधिक शिल्लक आहे. गाडी पावसाळ्यात पुष्कळ दिवस उभी असते. पॅड खराब निघाले असे समजावे का? शिवाय ब्रेक ऑइलची पातळी खाली गेली होती म्हणून मी वरून भरले. ते बरोबर केले का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पॅड खराब निघाले असे मला वाटत नाही. वर ज्या पिनांविषयी लिहिले आहे त्या आपल्या डाव्या कॅलिपरमध्ये जाम झाल्या असण्याची शक्यता सर्वाधिक आहे. पिस्टन आतल्या पॅडला ढकलतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरच्या पॅडला ओढतो. पिना गंजल्या की कॅलिपर सरकत नाही, बाहेरचा पॅड आरामात राहतो आणि आतला एकटाच राबतो. समुद्राकाठची खारी हवा आणि महिनोन्महिने उभी गाडी यांत हे नेहमी घडते. पिना आणि त्यांचे रबर बदलून घ्यावे, पिस्टन हाताच्या साधनाने सहज मागे जातो का तेही पाहावे आणि मगच नवे पॅड घालावेत. नाहीतर तेही असेच जातील. पत्रा डिस्कला लागला असल्यामुळे डिस्कवर चरे पडले असतील. तिची जाडी मोजूनच ती लेथवर फिरवायची की बदलायची हे ठरवावे, आणि तोपर्यंत गाडी चालवू नये. पुढच्या पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी गाडी पाच-सहा किलोमीटर फिरवून आणावी.

ऑइल मात्र वरून भरायला नको होते. पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर येतो, त्याच्यामागची जागा ऑइल भरून काढते आणि टाकीतली पातळी हळूहळू उतरते. म्हणजे ती उतरलेली पातळी आपल्याला पॅड पाहायला सांगत होती. आता नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकलला की तेच ऑइल परत वर येईल आणि टाकीतून सांडेल. ते गाडीचा रंग खाते, म्हणून मेकॅनिकला आधीच कल्पना द्यावी. झिजेच्या मानाने पातळी फार झपाट्याने उतरत असेल तर मात्र गळती शोधावी.

प्रश्न : आमची नवी गाडी ऑटोमॅटिक आहे. कसारा घाट उतरताना गिअर खाली कसा घ्यायचा? की अशा गाडीला जास्त चांगले पॅड लागतात?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पॅड तेच चालतील. ऑटोमॅटिक गाडी ‘डी’मध्ये ठेवून उतरल्यास ती अनेकदा वरचा गिअर निवडते आणि इंजिनाचा अडसर जवळजवळ नाहीसा होतो. आपल्या गाडीच्या दांड्यावर ‘एल’, ‘२’, ‘एस’ किंवा उणे-अधिक चिन्हांचा ‘एम’ यांपैकी काही तरी असेल. उतार सुरू होण्यापूर्वीच, वेग कमी असताना, तो पर्याय निवडावा. इंजिनाचा आवाज वाढेल, त्याला घाबरू नये. इंजिन आता गाडीला मागे खेचत आहे एवढाच त्याचा अर्थ. कोणता पर्याय किती वेगापर्यंत वापरायचा ते गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत दिलेले असते. पहिल्यांदा तो सपाट, रिकाम्या रस्त्यावर वापरून पाहावा, म्हणजे घाटात हात शोधत बसणार नाही.